माउंट टिकला तो हिवाळा

दुबईत हिवाळा आला हे मला चष्म्यावरून कळतं. उन्हाळाभर दुकानाच्या थंडगार दारातून बाहेर पाऊल टाकलं की काचा एकदम धुरकट होतात आणि क्षणभर आंधळ्यासारखं उभं राहावं लागतं. मग एका संध्याकाळी बाहेर येते आणि समोरचं सगळं लख्ख दिसत राहतं. पार्किंगमधल्या गाड्या, पलीकडची खजुराची झाडं, त्यांच्या मागचं गुलाबी आकाश. परवा तसंच झालं. माझ्या बरोबरची माणसं खूश होऊन म्हणाली, चला, सुटलो. मी तिथेच पायरीवर उभी राहिले. मला ते सगळं इतकं स्पष्ट दिसायला नको होतं.

मी शिकारीच्या सामानाच्या दुकानात काम करते. हे सांगितलं की पुण्यातल्या नातेवाइकांच्या भुवया अजून वर जातात, कारण अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात उकडणारं आमचं घर. फिजिक्सची पदवी घेऊन इथे आले, आधी कॅमेऱ्याच्या लेन्स विकल्या, मग दुर्बिणी, आणि मग बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी, ज्यांना सगळे स्कोप म्हणतात. माझं काउंटर काचांचं. बंदुका आतल्या खोलीत, कुलपात, परवान्याच्या कागदांसह. हिवाळा सुरू झाला की काउंटरवर गर्दी होते. कंदुरा, म्हणजे इथला पायघोळ पांढरा झगा, घातलेली माणसं मुलांना घेऊन येतात. कोणाच्या मनगटावर ससाणा बसलेला असतो, डोळ्यांवर चामड्याची टोपी घातलेला. वाळवंटात तंबू ठोकायचे असतात, कोणाला शिकारीसाठी परदेशी जायचं असतं. स्कोप बघून झाले की प्रत्येकजण शेवटी एकच विचारतो, हा बंदुकीवर टिकेल ना?

स्कोप टिकतो की नाही हे स्कोपपेक्षा त्याच्या खालच्या माउंटवर असतं. माउंट म्हणजे स्कोप बंदुकीला धरून ठेवणारा धातूचा बेस आणि त्यावरच्या दोन रिंगा. दिसायला अगदी क्षुल्लक वस्तू. तिच्याबद्दल मला जे काही कळतं ते सुहासनं शिकवलं. सुहास माझा नवरा. शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका मशीन शॉपमध्ये डिझाइन इंजिनिअर होता.

ती गोष्ट तीन हिवाळ्यांपूर्वीची.

अबू हमद आमचं जुनं गिऱ्हाईक. सत्तरी ओलांडलेला, उंच, थोडा वाकलेला अमिराती माणूस. गल्फमधल्या त्या पिढीची हिंदी बोलायचा, क्रियापदं कुठेही लागलेली आणि तरी सगळं समजणारी. दर हिवाळ्यात तो आपल्या जुन्या मित्रांबरोबर परदेशातल्या एका जंगलात हरणाच्या शिकारीला जायचा. तिथे रायफलला परवानगी नव्हती, शॉटगनच चालायची, आणि तीही छर्ऱ्यांची नाही, एकच जाड शिशाची गोळी उडवणारी. ती बंदूक उडाली की खांद्यावर लाथ बसते. अबू हमदनं जन्मभर उघड्या डोळ्यानं नेम धरला होता. आता नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी त्याला दिसेना, म्हणून त्यानं स्कोप बसवून घेतला होता. कुठेतरी बाहेर, खोगिरासारखा वरून घालायचा स्वस्तातला माउंट.

त्या दिवशी तो काउंटरशी आला तेव्हा त्याच्या उजव्या भुवईवर अर्ध्या चंद्रासारखी ताजी जखम होती. माउंट ढिला झाला होता, स्कोप जागचा हलला होता, आणि गोळी झाडल्यावर त्याची कड थेट कपाळावर आली होती. तो हसत होता. म्हणाला, हरीण जंगलात गेलं, शिकार माझी झाली. मग हसू विझलं. त्यानं हळूच सांगितलं की मुलगा म्हणतो, बाबा, आता पुरे. घरचे सगळे तेच म्हणतात. हा माउंट बसला नाही तर त्यांचंच खरं होईल.

ही गोष्ट मी जेवताना घरी सांगितली. आम्ही सिलिकॉन ओएसिस नावाच्या वस्तीत राहायचो, पाचव्या मजल्यावर. सुहास आमटीत भात कालवत होता. तो थांबला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फार दिवसांनी पाहिलं. त्याचं मशीन शॉपमधलं काम गेली काही वर्षं निव्वळ मीटिंगा आणि मेल एवढंच उरलं होतं. तो चमचा हातात उभा धरून मला समजावायला लागला. धक्का बसतो तेव्हा बंदूक मागे जाते, पण स्कोपला जागचं हलायचं नसतं. या दोघांच्या भांडणात मधले स्क्रू मार खातात. म्हणून स्कोप जितका जड तितका मार जास्त. आमची मुलगी ईरा तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. ती फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "बाबा, यू आर एक्सायटेड अबाउट अ स्क्रू." तो म्हणाला, "स्क्रूबद्दलच व्हावं माणसानं, बाकी कशात दम नाही."

गिऱ्हाइकाची बंदूक आम्ही दुकानाबाहेर न्यायची नाही हा नियम. म्हणून शनिवारी सुट्टीच्या दिवशी तोच दुकानात आला, मापं घ्यायचा कॅलिपर घेऊन. अबू हमद त्याला मुहंदिस म्हणायला लागला, म्हणजे इंजिनिअर. पुढे त्यानं कधी त्याचं नाव विचारलंच नाही. ते दोघं मागच्या बेंचवर तासन्‌तास बसायचे. अबू हमदला चटकन काढता-घालता येणारे, खटका असलेले माउंट आवडले होते. सुहासनं त्याला समजावलं की याला जितके सांधे तितक्या हलायच्या जागा, आणि एवढ्या दणक्याच्या बंदुकीला कमीत कमी सांधे हवेत. त्याला मोठा, लांबचं दाखवणारा स्कोप हवा होता. सुहासनं तोही बाजूला ठेवला. हलका घ्या, नळीच्या जितका जवळ बसेल तितका बरा, आणि डोळ्यापासून चांगला लांब राहील असा. दुसरा कोणी असता तर गिऱ्हाईक चिडलं असतं. अबू हमद मान डोलवायचा आणि म्हणायचा, "मुहंदिस, तुम बोलो, मैं सुनेगा."

पहिल्यांदा आम्ही कपाटातला एक हलक्या धातूचा लांब बेस लावून पाहिला. दिसायला सुंदर होता. उम्म अल कुवैनच्या बाजूला एक शूटिंग रेंज आहे, समुद्रापासून थोडी आत, भोवती खारट माती आणि चिवट झुडपं. तिथे आम्ही तिघं गेलो. बंदूक अबू हमदच्या गाडीत, त्याच्या परवान्यासह. थोड्याच गोळ्यांनंतर बेस सैल झाला आणि एक स्क्रू डोक्याखाली तुटला. अबू हमद म्हणाला, "खलास." तो बाकावर बसून समोरच्या वाळूकडे बघत राहिला. सुहासनं तुटलेला स्क्रू तळहातावर घेऊन उन्हात धरला. मला म्हणाला, "वीणा, हे बघ, किती सरळ तुटलाय. म्हणजे सगळा मार यानं एकट्यानं खाल्ला. बेसला पुढे टेकायला काहीच नव्हतं."

मग तो उरलेले स्क्रू काढायला वाकला आणि पाना त्याच्या हातातून पडला. त्यानं उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यानं तो उचललाच नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू काढ जरा, हात घामेजलाय." हवा कोरडी होती. मी पाना उचलला आणि स्क्रू काढले.

घरी आल्यावर मी त्याचा हात हातात घेऊन बघितला. अंगठा आणि तर्जनीच्या मधला गुबगुबीत भाग बसला होता. तिथे खळगा पडला होता. दंडावरची कातडी आतून कोणी टिचक्या मारत असल्यासारखी उडायची. तो म्हणाला, उन्हाळ्यापासून शर्टाचं वरचं बटण लागत नाहीये. मला वाटलं होतं तो इस्त्रीच्या दुकानाला शिव्या घालतोय, काजं घट्ट करतात म्हणून.

तपासण्यांचं वर्णन करत नाही. सुया, तारा, पडद्यावरच्या रेघा. डॉक्टर चांगले होते, बोलताना डोळ्यांत बघत होते, आणि त्यावरूनच मला कळलं. आजाराचं नाव मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूपासून स्नायूंपर्यंत निरोप नेणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. हातापासून सुरू झालंय, पुढे पाय, मग जीभ, मग श्वास. औषध आहे, पण ते थांबवत नाही. डॉक्टरांनी विचारलं, काही प्रश्न? सुहासनं विचारलं की उजवा हात अंदाजे किती दिवस चालेल. डॉक्टरांना वाटलं तो नोकरीसाठी विचारतोय. मला माहीत होतं तो कशासाठी विचारतोय.

संध्याकाळी ईराला सांगितलं. ती नेहमीसारखी इंग्रजीत म्हणाली, "बट इट विल गेट बेटर, राइट?" सुहास म्हणाला, "नाही गं राजा." तिनं पुन्हा विचारलं, आणि या वेळी मराठीत, लहानपणी बोलायची तशा तोडक्या मराठीत: "थोडं पण नाही?" त्यानं तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं, डाव्या हातानं.

माझं म्हणणं होतं की आता ते बंदुकीचं सोडून दे. चल, पुण्याला जाऊ, दुसरं मत घेऊ, आयुर्वेद बघू, काहीही बघू. तो सगळ्याला हो म्हणाला. फक्त एवढंच म्हणाला की आधी हे पूर्ण करू दे. मी रागावले. जगात इतक्या गोष्टी राहिल्यात आणि तू एका म्हाताऱ्याच्या शिकारीचं घेऊन बसलायस? तो शांतपणे म्हणाला, "वीणा, हे एक मला कळतं. कुठे तुटतंय ते मला दिसतंय. मला एक तरी असं काम करू दे."

नवा बेस त्यानं घरी, जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपवर काढला. माउस धरवेना म्हणून एका बोटानं कळा दाबत. पूर्ण स्टीलचा, एकसंध. खालच्या बाजूला एक खांदा, जो बंदुकीच्या अंगावरच्या खाचेत बसेल आणि धक्का स्वतः घेईल, म्हणजे स्क्रूंना फक्त धरून ठेवायचं काम उरेल. स्क्रू आधीपेक्षा जाड. दुकानाच्या गनस्मिथनं, म्हणजे बंदुकांच्या कारागिरानं, बंदुकीची खाच आणि मोठी छिद्रं सुहासच्या मापानं करून दिली, बेस शारजाला मशीनवर निघाला. तो तुकडा सुहासनं घरी आणला तेव्हा रुमालात गुंडाळलेला होता. मी हातात घेतला. गार, जड, काळसर. त्याच्या कडा त्यानं मारून घेतल्या होत्या, कुठे बोट कापू नये म्हणून.

बसवायचा दिवस मला सगळा आठवतो. बेंचवर पांढरा कपडा अंथरला होता. सुहास माझ्या शेजारी स्टुलावर बसला, दोन्ही हात मांडीवर ठेवून. तो सांगायचा, मी करायची. आधी छिद्रांतलं तेल स्पिरिटनं पूस, एक थेंब राहिला तरी पुढे सगळं सैल होतं. स्क्रू सुटू नये म्हणून त्याला लॉकचा द्राव लाव, अगदी थोडा. बेस पुढे दाबून धर, खांदा टेकला पाहिजे. आता घट्ट कर, एकदम एक नाही, आलटूनपालटून. मी पाना फिरवत होते आणि तो माझ्या मनगटाकडे बघत होता. आमच्या लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं होत आली होती, पण इतक्या जवळून, इतकं लक्ष देऊन त्यानं मला काही करताना पाहिलं नव्हतं, आणि मीही त्याचा आवाज इतका ऐकला नव्हता. शेवटच्या स्क्रूला तो म्हणाला, "अजून थोडं. अजून. हं, बस. हात काढ." मी हात काढला. त्याचं कपाळ घामानं डबडबलं होतं, जणू त्यानंच सगळं केलं होतं.

प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बेसपर्यंत त्यानं मला पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढायला लावली. स्क्रू फिरला तर रेघ मोडेल, लगेच कळेल.

रेंजवर वारा होता. अबू हमदनं कंदुऱ्याच्या बाह्या सारल्या, बंदूक खांद्याला लावली. पहिली गोळी. त्याची भुवई शाबूत. दुसरी, तिसरी. मी कानांवरचे आवाज अडवणारे मफ काढून धावत जाऊन रेघा बघितल्या. मग पुन्हा. पेटीतल्या गोळ्या संपेपर्यंत तो झाडत राहिला आणि दर खेपेला मी वाकून बघत राहिले. एकही रेघ मोडली नव्हती. कागदावरची भोकं एका मुठीत मावतील अशी. अबू हमदनं बंदूक बाकावर ठेवली आणि सुहाससमोर येऊन उभा राहिला. हस्तांदोलनासाठी त्यानं त्याचा हात हातात घेतला, आणि तो सोडला नाही. त्याला कळलं. त्यानं तो निर्जीव होत चाललेला पंजा दोन्ही हातांत धरून थोडा वेळ बघितला, आणि पुढे वाकून आपलं नाक सुहासच्या नाकाला टेकवलं. ही माणसं आपसांत भेटतात तेव्हा असं करतात. माझ्या इतक्या वर्षांत मी ते कुणा परक्यासाठी झालेलं पाहिलं नव्हतं.

परतताना गाडी मी चालवली. सुहास खिडकीतून बाहेर बघत होता. वाळूच्या कडेनं उंट चालले होते. तो मध्येच म्हणाला, "हललं नाही गं." आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच.

महिन्याभरानं अबू हमदचा जंगलातून निरोप आला, आवाजाचा. वाऱ्याचा घोंघाट, मागे म्हाताऱ्यांचं हसणं, आणि तो सांगत होता की मुहंदिसला सांग, नंबर एक. सुहासनं ते पुन्हा पुन्हा ऐकलं. फोनची कळ मी दाबायची, कारण तोवर त्याला कपही उचलवत नव्हता.

पुढचं मी लवकर सांगते, कारण ते सावकाश सांगणं मला जमत नाही. त्याची नोकरी सुटली, नोकरीबरोबर व्हिसा. ईराला हॉस्टेलवर ठेवून मी बिनपगारी रजा घेतली आणि आम्ही पुण्याला, कोथरूडच्या फ्लॅटवर गेलो. पाय गेले. मग घास गिळता येईना. बोलणं जड होत होत कळेनासं झालं. ते पूर्ण जायच्या आधी, एका दुपारी, मी त्याच्या दाढीचा साबण पुसत असताना तो शब्द जोडत जोडत म्हणाला, "अंगातलं... काय सुटलं... ते तरी... कळायला हवं होतं." मी समजले नाही असं दाखवलं. टॉवेल पिळायला आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. तो गणपतीच्या आधी गेला, सकाळी, मी आणि सुट्टीत आलेली ईरा, आम्ही दोघी जवळ असताना.

तेरावं झाल्यावर मी परत आले. ईराचं शेवटचं वर्ष होतं आणि नोकरी माझी एकटीचीच उरली होती. विमानतळावरून घरी, दुसऱ्या दिवशी काउंटरवर. इथे सगळ्यांनी फोनवर हात जोडलेली चित्रं पाठवली होती. दुकानातली माणसं दोन दिवस हळू बोलली. मग सीझन आला आणि कोणालाच वेळ उरला नाही. मलाही नाही. लोक विचारायचे टिकेल ना, मी सांगायची टिकेल, आणि का टिकेल तेही सांगायची, त्याच्याच शब्दांत. ते बोलताना आवाज कधी कापला नाही. रडू मला तिथेही नीट आलं नव्हतं, घरात पाहुणे होते, आणि इथे कोणासमोर रडणार? तो माणूस इथे तीस वर्षं राहिला, आणि या शहरात त्याच्यासाठी कुठे सतरंजीसुद्धा अंथरली गेली नाही.

अबू हमद त्या वर्षी आला नाही, तब्येत बरी नव्हती असं ऐकलं. तो काल आला, काठी टेकत. बंदूक साफ करून हवी होती. मागच्या बेंचकडे बघत त्यानं विचारलं, "मुहंदिस किधर? इंडिया गया?"

मी सांगितलं. त्याच्याच हिंदीत, कारण दुसरी कुठली भाषा तोंडात येईना. मुहंदिस मर गया, बाबा. पिछला साल.

तो ओठांतल्या ओठांत काही पुटपुटला. काउंटरच्या काचेवर त्यानं हात टेकला. मग त्यानं विचारलं की इथे तुझ्याकडे बसायला कोण आलं होतं. मी म्हटलं, इथे कोणी नाही, सगळं तिकडे झालं. त्याला ते पटलं नाही. माणूस इथला होता, तो म्हणाला, इथे काम केलं, इथे भाकरी खाल्ली. त्यानं आमच्या मॅनेजरला बोलावून खुर्ची मागितली, माझ्या काउंटरच्या कडेला ठेवायला लावली, आणि बसला.

मला वाटलं दमलाय, बसेल पाच मिनिटं. तो दिवसभर बसला. गिऱ्हाइकं येत होती, मी काचा पुसून दाखवत होते, बिलं करत होते. नमाजाला उठून गेला, परत आला, त्याच खुर्चीत बसला. मी चहा दिला, त्यानं घेतला. कोणी ओळखीचं भेटलं तर माझ्याकडे बोट दाखवून अरबीत हळूच, हिचा नवरा गेला, एवढंच सांगायचा, आणि तो माणूस छातीवर हात ठेवून मला मान लववायचा. दुकान बंद व्हायच्या वेळी तो काठी शोधत उठला. म्हणाला, आमच्यात माणूस गेला की तीन दिवस बसतात. आज पहिला.

आज सकाळी मी शटरपाशी पोचले तर बाहेर त्याची गाडी उभी होती. तो होता, आणि त्याच्याबरोबर तीन म्हातारे, स्वच्छ पांढऱ्या कंदुऱ्यांत, एकाच्या हातात कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास. त्याचे शिकारीतले मित्र. त्यांनी सुहासला कधी पाहिलं नव्हतं. एकेकानं येऊन हात छातीवर ठेवला आणि मुहंदिस म्हणत त्याच्या जाण्याचं दुःख मला सांगितलं, जसं काही ते त्यांच्याच घरातलं होतं. मी कुलूप उघडत होते आणि मला किल्लीचं भोक दिसेना, डोळे असे भरून आले. वर्षभरात पहिल्यांदा. कोणी समजूत घातली नाही. ते थांबले. मग मी शटर वर केलं, दिवे लावले, आणि आत जाऊन आणखी खुर्च्या आणायला लागले.